कोऱ्या कोपऱ्याचा चेक

अमेरिकेत नवं खातं उघडलं की छापील चेकबुक लगेच हातात पडत नाही. ते बाहेरच्या छापखान्यात छापून होतं आणि पोस्टाने घरी येतं. त्यात आठवडा-दहा दिवस जातात, आणि छपाईचे पैसेही बहुधा खातेदारालाच मोजावे लागतात. तोवर अडायला नको म्हणून शाखेतली माणसं प्रिंटरवरून एक-दोन पानं काढून देतात. एका पानावर तीन चेक, मध्ये फाडायला टोचरेघ. तळाशी बँकेचा आणि खात्याचा नंबर, रकमेची चौकट, सहीची जागा, सगळं जिथल्या तिथे. फक्त डावीकडचा वरचा कोपरा, जिथे एरवी खातेदाराचं नाव आणि पत्ता छापलेला असतो, तो कोरा. याला टेम्पररी चेक म्हणतात, कुणी स्टार्टर चेक म्हणतं, जुनी माणसं काउंटर चेक म्हणतात. काही बँका तो फुकट देतात, काही पानामागे दोन-तीन डॉलर लावतात.

कायद्याने हा चेक अस्सल. तरीही दुकानदार, घरमालक, गॅरेजवाले त्याला हात लावायला कचरतात. देशात नव्याने आलेल्या माणसाची गाठ या कागदाशी नेमकी पहिल्याच महिन्यात पडते, जेव्हा त्याला सगळ्यात जास्त पैसे द्यायचे असतात आणि त्याला ओळखणारं कुणीच नसतं.

पुढचा संवाद दोन कल्पित माणसांचा आहे, पण न्यू जर्सीतल्या एडिसन-इझलिनकडच्या कुठल्याही मराठी घरात तो चालू असू शकेल. आत्या तिथे तीस वर्षं राहिलेली. त्यातला बराच काळ तिने एका अपार्टमेंट संकुलाच्या ऑफिसात भाड्याचे चेक गोळा करण्यात घालवलेला. भाचा पुण्याहून नोकरीसाठी नुकता आलेला. त्याला फ्लॅट मिळालाय, भाडं महिना २,२०० डॉलर. न्यू जर्सीचा कायदा दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ देत नाही. मालकाने तेवढं पुरेपूर मागितलंय, म्हणजे ३,३००. एकूण ५,५००. त्याने ऑफिसात टेम्पररी चेक पुढे केला आणि टेबलापलीकडच्या बाईने तो दोन बोटांनी परत सरकवला.

भाचा : आत्या, मला फक्त एवढंच सांग, या चेकमध्ये कमी काय आहे? इथला युनिफॉर्म कमर्शियल कोड मी वाचलाय. बिनशर्त आदेश हवा, रक्कम ठरलेली हवी, मागताक्षणी पैसे द्यायचे, कुणाला द्यायचे ते लिहिलेलं हवं, आणि सही. नाव-पत्ता छापलेला पाहिजे असं त्यात कुठेही नाही.

आत्या : आणि समोरच्याने तो घेतलाच पाहिजे असं कुठे आहे?

भाचा : तसं नाही, पण...

आत्या : पण काय? न्यू जर्सीने २०१९ मध्ये कायदा केला की किरकोळ दुकानदारांनी रोख रक्कम नाकारायची नाही. चेकसाठी असा कायदा कुणीही केलेला नाही. चेक म्हणजे पैसे नव्हेत रे. तू बँकेला लिहिलेली चिठ्ठी आहे ती, 'याला पैसे द्या' म्हणून. बँक देईल की नाही हे चिठ्ठी घेणाऱ्याला दोन-चार दिवसांनी कळणार. तोवर तू घराची किल्ली घेऊन आत राहायला गेलेला असतोस. इथे भाडेकरूला बाहेर काढायचं तर कोर्टात जावं लागतं, पुण्यासारखंच.

भाचा : म्हणजे मला चोर समजायचं.

आत्या : तुला कुणी काहीच समजत नाहीये. अडचण तीच आहे.

इथे थोडं थांबून त्या तळाच्या ओळीकडे बघायला हवं, कारण भाच्याचा पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. ती चुंबकीय शाईने छापलेली असते. अक्षरवळणाचं नाव ई-१३बी. दहा अंक आणि चार खुणा, अशी मिळून चौदाच चिन्हं. १९५० च्या दशकात बँक ऑफ अमेरिका आणि स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट यांनी मिळून चेक वाचणारं यंत्र बनवलं, त्या खटाटोपात या चुंबकीय शाईचा जन्म झाला. भारतातल्या चेकवरचे ते चौकोनी, जाड-बारीक अंक याच घराण्यातले.

भाचा : ही ओळ बघ. पहिले नऊ अंक राउटिंग नंबरचे. सुरुवातीचे दोन, शून्य-दोन, म्हणजे न्यूयॉर्कचा फेडरल रिझर्व्ह जिल्हा. आपल्याकडे पुण्याच्या चेकवर ४११ असतं, तसंच. नववा अंक पडताळणीचा. पहिल्या अंकाला तीनने गुण, दुसऱ्याला सातने, तिसऱ्याला एकने, परत तीन, सात, एक. सगळ्यांची बेरीज करायची. तिला दहाने पूर्ण भाग गेला नाही तर नंबर चुकलाय. यंत्र हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. पुढे खात्याचा नंबर, मग चेकचा नंबर. यंत्र माझं नाव वाचतच नाही! पैसे नावावर फिरत नाहीत, या ओळीवर फिरतात. मग कोपरा कोरा असला तर बिघडलं कुठे?

आत्या : यंत्राचं काही बिघडत नाही. चेक वटला तर माझंही बिघडत नाही. परत आला तर मी काय करायचं? छापील चेक परत आला की कोपऱ्यात नाव आहे, पत्ता आहे, कुठे पत्र पाठवायचं ते मला कळतं. तुझा परत आला तर माझ्या हातात काय उरतं? एक नंबर आणि वाचता न येणारी सही. बँकेत फोन केला तर ती सांगणार, खातेदाराची माहिती देता येत नाही.

भाचा : पत्ता मी हाताने लिहून देतो ना.

आत्या : लिहिलाच पाहिजेस, ते वेगळं. पण हाताने तर कुणीही काहीही लिहील.

भाचा : आणि छापील? आत्या, छापखानेवाले काय घरी येऊन चौकशी करतात? ऑनलाइन ऑर्डर देताना मी जो पत्ता टाकीन तो छापून येईल. डिलक्स नावाची कंपनी १९१५ पासून मिनेसोटात हाच धंदा करतेय. ऑर्डर देताना पहिल्या चेकचा नंबर कितीपासून हवा तेही विचारतात! १०१ पासून घेतला तर दुकानदाराला खातं नवं वाटतं, म्हणून लोक ५००१ पासून छापून घेतात. चुंबकीय टोनर आणला तर घरच्या लेझर प्रिंटरवरसुद्धा चेक छापता येतात, आणि ते बेकायदा नाही. म्हणजे ज्या कोपऱ्यावर तुमचा एवढा भरवसा, तो कोपरा कुणीही भरू शकतो. हे निव्वळ सोवळं-ओवळं झालं.

ही त्याची सगळ्यात मजबूत बाजू, आणि तिला सरळ उत्तर नाही असं मला बरेच दिवस वाटायचं. छापील नाव हा पुरावा नव्हे, हे खरंच. आत्याचं उत्तर मात्र त्या कोपऱ्यातल्या शाईबद्दल नाहीच.

आत्या : कोपऱ्यातलं नाव खरं आहे म्हणून मी चेक घेत नव्हते. तो चेक छापून, पोस्टात पडून, कुठल्या तरी पत्त्यावर पोचायला दहा-बारा दिवस गेलेत, एवढं मला त्यावरून कळायचं. म्हणजे खातं निदान दोन आठवडे टिकलंय, आणि तो माणूस त्या पत्त्यावर टपाल घेतोय. टेम्पररी चेकवरून काय कळतं? की हा माणूस अलीकडे कधी तरी बँकेत जाऊन आला. सकाळी खातं उघडायचं, दुपारी चार दुकानांत चेक फाडायचे आणि संध्याकाळी गायब व्हायचं, हा इथला जुना धंदा आहे. असे लोक छापील चेकची वाट बघत बसत नाहीत.

भाचा : शंभरातल्या एका चोरासाठी नव्याण्णवांना...

आत्या : हो. नव्याण्णवांना. कारण त्या एकाचं नुकसान माझ्या पगारातून नाही, पण माझ्या नोकरीवर यायचं.

ती टेबलावरचा त्याचा चेक उचलते. अंगठ्याने कडा चाचपून बघते. एक कड खरबरीत लागते, टोचरेघेवरून फाडलेली. घरच्या कागदावर छापलेल्या खोट्या चेकच्या चारही कडा बऱ्याचदा गुळगुळीत असतात. मग तो दिव्याखाली तिरका धरते. चुंबकीय शाई मंद दिसायला हवी. तळाचे अंक चकचकायला लागले तर संशय घ्यायचा. निवृत्त झाली तरी हात विसरलेले नाहीत.

आत्या : चेक चांगला आहे तुझा.

भाचा : तेच तर मी म्हणतोय मगापासून!

आत्या : पूर्वी तर याहूनही कोरे असायचे. माझ्या ऑफिसातली एक म्हातारी सांगायची, लहान गावांत दुकानदाराच्या गल्ल्यापाशीच कोऱ्या चेकचा गठ्ठा पडलेला असायचा. त्यावर खात्याचा नंबरसुद्धा नाही. गिऱ्हाइकाने बँकेचं नाव लिहायचं, रक्कम लिहायची, सही करायची, झालं. गावातली बँक सही ओळखायची, दुकानदार माणूस ओळखायचा. साठीच्या दशकात यंत्रं आली, त्यांना खात्याचा नंबर चुंबकीय शाईतच हवा, आणि ते गठ्ठे गेले. तुझा चेक आहे त्याच वंशातला, पण तो चालायचा ते ओळखीच्या गावात.

भाचा : माझी ओळख बँकेने पटवलीय की! पासपोर्ट घेतला, व्हिसा बघितला, पत्ता घेतला, जन्मतारीख घेतली. २००१ च्या पॅट्रियट कायद्यापासून कुठल्याही बँकेला ओळख तपासल्याशिवाय खातं उघडताच येत नाही. पाच मिनिटं फोटो काढणाऱ्या त्या लीझिंग ऑफिसच्या बाईपेक्षा बँकेने मला जास्त तपासलंय. मग बँकेच्या तपासणीचा फायदा मला का मिळू नये?

आत्या : बँकेने तू कोण ते तपासलं. तुझ्याकडे पैसे आहेत का ते नाही.

भाचा : आहेत. आठ हजार आहेत.

आत्या : फोन काढ.

भाचा : काय?

आत्या : बँकेचं अ‍ॅप उघड. खातं दाब. वरचा आकडा सोड, त्याच्याखाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाच.

तो वाचतो. शिल्लक ८,०००. खाली 'अव्हेलेबल' ३,०००.

त्याने पुण्याहून वायरने आणलेले तीन हजार, आणि कंपनीने घर हलवायच्या खर्चासाठी दिलेला पाच हजारांचा चेक. दोन्ही खात्यात दिसतात. वापरता येतात ते फक्त वायरचे. यात बँकेची लबाडी नाही. चेकचे पैसे खातेदाराला किती दिवसांत वापरू द्यायचे याचा १९८७ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याखालचा रेग्युलेशन सीसी नावाचा नियम. जुन्या खात्यात साधा चेक भरला तर पहिले २७५ डॉलर पुढच्या कामाच्या दिवशी मोकळे होतात, बाकीचे साधारण दोन दिवसांत. पण खातं उघडल्यापासूनचे पहिले ३० दिवस 'नवं खातं' म्हणून वेगळे काढलेत. त्या काळात रोख आणि वायर पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात. सरकारी चेक किंवा कॅशियर्स चेक खिडकीवर भरला तर त्यातले पहिले ६,७२५ डॉलरही तसेच मिळतात, उरलेले नवव्या कामाच्या दिवसापर्यंत. साध्या चेकला मात्र या नियमात मुदतच घातलेली नाही. बँक आपल्या धोरणाप्रमाणे तो धरून ठेवू शकते.

म्हणजे टेम्पररी चेक वापरायचे दिवस आणि पैसे अडकून पडायचे दिवस हे एकच. आत्याच्या ऑफिसातली मंडळी हा नियम वाचून चेक परत सरकवत नव्हती, पण वर्षानुवर्षं परत आलेले चेक बघून त्यांना त्याचा वास लागला होता. नव्या खात्यावरचा चेक परत येतो तो दर वेळी भामट्याचाच असतो असं नाही. पुष्कळदा तो वरचा आकडा वाचणाऱ्या सरळ माणसाचा असतो.

भाचा : (बऱ्याच वेळाने) म्हणजे त्यांनी तो चेक घेतला असता तर...

आत्या : परत आला असता. नव्या घराच्या पहिल्या आठवड्यात. ऑफिसने तुला चेक परत आल्याचा दंड लावला असता, बँकेनेही लावला असता कदाचित, आणि तुझ्या नावापुढे शेरा पडला असता. शिवाय खातं उणे करून कुणी तसंच सोडून दिलं की बँका ते चेक्स-सिस्टिम्स नावाच्या नोंदसंस्थेला कळवतात. पाच वर्षं राहतं ते तिथे. मग दुसरी बँक दारात उभं करत नाही.

भाचा : मी तारीख पुढची टाकली असती. पुण्यात भाड्याच्या घराला अकरा महिन्यांचे अकरा चेक आधीच देऊन ठेवले होते, प्रत्येकावर पुढच्या महिन्याची तारीख. मालक ज्या-त्या महिन्याला एकेक भरायचा.

आत्या : इथे ते करू नकोस. इथे बँकेने तारखेआधीच पैसे दिले तर ती बँकेची चूक धरत नाहीत. आधी बँकेला रीतसर कळवून ठेवलं असेल तरच ती थांबायला बांधील. नाहीतर पहिल्या आठवड्यातच सगळे वटायचे.

भाचा : हे भयंकर आहे.

आत्या : वेगळं आहे. पुण्याचा मालक पुढच्या तारखेचे चेक खुशाल घेतो ते तुझ्यावरच्या प्रेमापोटी नाही. त्याच्यामागे कलम १३८ आहे. चेक वटला नाही तर तो नोटीस काढतो, तू पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीस तर फौजदारी खटला, दोन वर्षांपर्यंतची कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड. तिथे चेक हातात असणं म्हणजे तुझी शेंडी हातात असणं. इथे फसवायचा हेतू होता का ते बघतात. नुसते पैसे कमी पडले म्हणून कुणी सहज तुरुंगात जात नाही. म्हणून इथला मालक आधीच हात आखडतो.

ही तुलना मला महत्त्वाची वाटते. १९८८ साली निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये कलम १३८ घातलं गेलं ते चेकची पत वाढावी म्हणून, आणि १९८९ च्या एप्रिलपासून ते लागू झालं. पत वाढली का, हे चेकच्या खटल्यांनी तुंबलेल्या कोर्टांना विचारावं. पण घेणाऱ्याचा धीर नक्की वाढला. अमेरिकेत तो धीर कोर्टातून येत नाही, तो माणसाच्या मागच्या इतिहासातून येतो. आणि नव्याने आलेल्याकडे बाकी सगळं असतं, इतिहास तेवढा नसतो. भाच्याची चीड खोटी नाही. चेक घेणारे भेटले तर इतिहास तयार होणार, आणि इतिहास असेल तर चेक घेणार, हा फेरा त्याने घातलेला नाही. पण त्यातून सुटायचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. मालकाची जोखीम शून्य, नव्या माणसाचे हेलपाटे फुकट.

भाचा : बरं, मग आता काय? ऑफिस म्हणतं कॅशियर्स चेक आणा नाहीतर मनीऑर्डर. पोस्टाची मनीऑर्डर हजार डॉलरच्या वर मिळत नाही. म्हणजे सहा मनीऑर्डरी! आणि एका दिवसात तीन हजार किंवा त्याहून जास्तीच्या घेतल्या की ओळखपत्र दाखवून फॉर्म भरा.

आत्या : कॅशियर्स चेक घे. तो बँक स्वतःच्या पैशावर काढते. तुझ्या खात्यातून रक्कम आधीच वळती होते. दहाएक डॉलर घेतील.

भाचा : आणि कॅशियर्स चेक खोटे नसतात? त्यांचेही घोटाळे होतात.

आत्या : होतात. म्हणून मी बँकेला फोन करायचे. चेकवर छापलेल्या नंबरावर नाही हं. बँकेचा नंबर आपण वेगळा शोधायचा. खोट्या चेकवर फोन नंबरही खोटाच असतो, उचलणारा गोड आवाजात 'हो, आमचाच आहे' म्हणतो.

भाचा : मग हे उरलेले टेम्पररी चेक काय करू? मला तर कंपनीच्या पेरोलला पण कॅन्सल केलेला चेक द्यायचाय, पगार थेट खात्यात यावा म्हणून.

आत्या : नाव नसलेला चेक ते घेतीलच असं नाही. बँकेकडून डायरेक्ट डिपॉझिटचं पत्र माग, त्यात नाव आणि नंबर दोन्ही असतात. पुण्यात घराच्या कर्जाच्या वेळी काय झालं होतं? तुझ्या पहिल्या चेकबुकावर नाव नव्हतं, म्हणून कर्जवाल्यांनी कॅन्सल चेक परत पाठवला होता ना? तेव्हा कुठला युनिफॉर्म कोड काढला होतास?

भाचा : (हसतो) तेव्हा नावाचं चेकबुक यायची वाट बघितली.

आत्या : मग. जिथे तुला ओळखतात तिथे हे चेक चालतील. मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीला दे. खजिनदार तुला माझा भाचा म्हणून ओळखतो. डॉक्टरकडे विचारून बघ. पण कोपऱ्यात नाव, पत्ता, फोन सुवाच्य लिही. जेल पेनने लिही. साध्या बॉलपेनची शाई रसायनाने धुऊन काढतात आणि त्याच सहीवर दुसरं नाव, दुसरी रक्कम घालतात. टपालपेट्यांतून चेक चोरायचं प्रमाण इतकं वाढलं की आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारच्या फिन्सेन विभागाने २०२३ च्या फेब्रुवारीत बँकांना मुद्दाम इशारा दिला होता. चेक कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीत संध्याकाळी टाकू नकोस, पोस्टात आत जाऊन दे.

भाचा : आणखी?

आत्या : तारीख. मगाशी तू काय लिहिलीस बघ. ३ ऑक्टोबर म्हणून ०३/१०. इथे ती १० मार्च झाली. सहा महिन्यांच्या वरचा चेक वटवायला बँक बांधील नसते. पैसे असूनही परत आला असता हा! महिना आधी लिही, नाहीतर महिन्याचं नाव लिही. आणि अक्षरी रकमेच्या शेवटी आपण 'फक्त' लिहितो तसं इथे सेंट लिहायचे, शून्य-शून्य भागिले शंभर, आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ. आकड्यात आणि अक्षरात फरक पडला तर अक्षरं खरी धरतात. ते मात्र दोन्हीकडे सारखंच.

भाचा : एवढं सगळं एका मरणाऱ्या कागदासाठी. आत्या, सरकारच चेक सोडतंय. २०२५ च्या मार्चमध्ये अध्यक्षांनी आदेश काढला की सरकारने सप्टेंबरअखेर कागदी चेक बंद करावेत. इमिग्रेशनच्या फॉर्मची फीसुद्धा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या शेवटापासून चेकने घेत नाहीत, अगदीच अपवाद सोडला तर. पुण्यात भाजीवालीला फोनवरून पैसे देत होतो मी. इथे येऊन शंभर वर्षं मागे गेल्यासारखं वाटतं.

आत्या : घरमालकाला सांग हे. तो अजून चेकच मागतो.

या ठिकाणी मी भाच्याच्या बाजूचा आहे. ज्या देशात चेक वाचणारं यंत्र तयार झालं, त्या देशात घरभाड्यासारखी साधी गोष्ट अजून कागदाच्या तुकड्यावर अडते, यात सोयीपेक्षा सवयीचा भाग जास्त. मोबाइलवरून पाठवायची सोय आहे, पण नव्या खात्याला तिथेही दिवसाची मर्यादा बहुधा तुटपुंजी असते. दार बदललं, पहारेकरी तोच.

भाचा : पण कॅशियर्स चेक तरी कसा काढू? ५,५०० लागणार आणि हातात तीनच हजार आहेत.

आत्या : अडीच हजार मी देते.

भाचा : चेक नको देऊस! तो भरला की पुन्हा अडकून पडेल.

आत्या : शिकलास की. बँकेच्या अ‍ॅपमधल्या झेलने पाठवते, आत्ता. ते लगेच वापरता येतात. उद्या सकाळी शाखेत जा, खिडकीवर कॅशियर्स चेक माग, मालकाच्या कंपनीचं पूर्ण नाव करारावर आहे तसंच्या तसं दे. एक अक्षर इकडेतिकडे झालं तर ऑफिसची बाई तोही परत सरकवेल.

भाचा : तुझे पैसे मी टेम्पररी चेकने परत करतो. घेशील?

आत्या : तुझा घेईन. पण कंपनीचा चेक मोकळा झाल्याशिवाय मशीनमध्ये टाकणार नाही.

भाचा : म्हणजे तूसुद्धा!

आत्या : मीसुद्धा. इतकी वर्षं भाडं गोळा केलंय.

भाचा : ठीक आहे. पण त्या कॅशियर्स चेकचे दहा डॉलर मी का भरायचे, हे मला अजूनही पटलेलं नाही.

आत्या : नको पटू देऊस. शनिवारी शाखा दुपारीच बंद होते, तेवढं लक्षात ठेव.